‘कालची मॅच सेट होती ना?’ सकाळच्या शोमध्ये हे बोलावं का, आणि कसं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. तुम्ही 26 वर्षांचे, जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी एफएमवर सकाळी सात ते अकराचा शो करता. सोबत 54 वर्षांचे ज्येष्ठ निवेदक. आयपीएल लागली की ‘कालची मॅच सेट होती’ यावर रोज एक लिंक (दोन गाण्यांमधलं बोलणं) होते आणि ती चालते. दुसरा हुकमी विषय ‘आजकालच्या पोरी, आजकालची पोरं’. त्यात ते जुन्या बाजूने बोलतात, तुम्ही नव्या. पीडींना (प्रोग्रॅम डायरेक्टरना) दोन्ही हवंय, कारण फोन वाजतात. पण गेल्या महिन्यात एका स्थानिक खेळाडूच्या घरून तक्रार आली, आणि एका कॉलेजच्या मुलीने मेसेज केला की तुमचा शो आता आईसोबत बसून ऐकवत नाही. हे विषय बंद करायचे का, आणि नसतील करायचे तर कुठे थांबायचं, असं तुम्ही विचारलंय.

बंद करू नका. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

मी 2003 साली आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून लागले. तिथे क्यू शीटवर (कार्यक्रमाच्या क्रमपत्रिकेवर) लिहिलेलं सोडून एक शब्द जास्त बोललात तर ड्युटी रूममधून बोलावणं यायचं. 2007 पासून खासगी एफएमवर आहे, आणि त्यातली बारा वर्षं सकाळच्या शोची प्रोड्यूसर म्हणून गेली. म्हणजे काच मध्ये ठेवून, हेडफोन लावून, लोकांना ‘पुरे, गाणं टाक’ अशी खूण करण्यात. तेवढ्या अनुभवावर बोलते आहे.

माझ्या मते तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. विषय वेगळे दिसतात, पण दोन्हीकडे तुम्ही स्टुडिओत नसलेल्या माणसाबद्दल खात्रीने बोलताय. खेळाडू तिथे नाही, ‘आजकालची पोरगी’ही तिथे नाही. दोघंही उत्तर देऊ शकत नाहीत आणि तुम्ही दोघं हसताय. श्रोत्याला हे लगेच कळतं, फक्त सांगता येत नाही. तो म्हणतो ‘शो आता पहिल्यासारखा राहिला नाही’.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. शहर केवढं आहे, हे सगळ्यात आधी. मुंबईत एखाद्या खेळाडूचं नाव घेतलं तर ते गर्दीत जिरून जातं. जिल्ह्याच्या गावात त्याची आई ज्या दुकानातून दूध घेते तिथेही तुमचाच रेडिओ चालू असतो. दुसरं, तुमचे कॉल थेट हवेत जातात की रेकॉर्ड होऊन. आम्ही गाणं चालू असताना कॉल घ्यायचो, ऑडिशन नावाच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कापायचो आणि एका गाण्यानंतर लावायचो. श्रोत्याला तो थेटच वाटतो. तुमच्याकडे तसं नसेल तर उद्यापासून करा; निम्मे प्रश्न त्या तीन मिनिटांत सुटतात. तिसरं, तुमचे पीडी. त्यांना वाद हवा आहे की फोन हवेत, हे एकदा स्पष्ट विचारून घ्या. बहुतेकांना फोन हवे असतात आणि वादाशिवाय ते येतील यावर त्यांचा विश्वास नसतो.

सट्ट्याच्या विषयाकडे येते, कारण तिथे कायदाही मध्ये आहे.

‘मॅच सेट होती’ असं लोक का म्हणतात? कॅच सुटला, नो-बॉल पडला, जम बसलेला फलंदाज अचानक ठोकायच्या नादात गेला. डोळ्यांना जे खटकतं त्याला आपण पुरावा समजतो. पण जी प्रकरणं खरोखर उघडकीला आली ती आठवून बघा. जानेवारी 2000, सेंच्युरियनची कसोटी. पावसाने तीन दिवस धुऊन नेले. मग दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएने दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून द्यावा असा तोडगा काढला, इंग्लंड दोन गडी राखून जिंकलं, आणि त्याच्या खिलाडूवृत्तीचं कौतुक झालं. एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी दुसऱ्याच मालिकेच्या फोन टेप बाहेर काढल्या, पुढे दक्षिण आफ्रिकेत चौकशी बसली, आणि कळलं की सेंच्युरियनसाठी त्याने पैसे आणि एक लेदर जॅकेट घेतलं होतं. म्हणजे ज्या सामन्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तोच पोखरलेला होता. टीव्हीवर बघून ते कुणालाच कळलं नव्हतं.

ऑगस्ट 2010 ची लॉर्ड्स कसोटी घ्या. पाकिस्तानच्या मोहम्मद आमिर आणि मोहम्मद आसिफने टाकलेले नो-बॉल सगळ्या जगाने बघितले. नो-बॉल तर रोज पडतात. प्रकरण उभं राहिलं ते कोणत्या षटकात कितवा चेंडू नो-बॉल असेल हे मध्यस्थाने आधीच छुप्या कॅमेऱ्यासमोर पैसे मोजून सांगितलं होतं म्हणून. कर्णधार सलमान बटसह तिघांना 2011 मध्ये लंडनच्या न्यायालयाने तुरुंगात पाठवलं. पडद्यावर दिसणारी चूक त्यात नुसती निमित्ताला होती. खरा पुरावा आधीच केलेलं भाकीत आणि मोजलेले पैसे.

हे मी तुम्हाला क्रिकेटचा इतिहास म्हणून सांगत नाही. तुमचे सहकारी ‘बघ ना, किती सरळ दिसत होतं’ असं म्हणतात तेव्हा त्यांच्या हातात काहीच नसतं, हे त्यांना पटवायला ही दोन उदाहरणं पुरतात. मी वापरली आहेत, पटतात.

आणि अटक झाली तरी गोष्ट संपत नाही. 16 मे 2013 ला श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा अंकित चव्हाण यांना दिल्ली पोलिसांनी उचललं. जुलै 2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केलं. बोर्डाची बंदी मात्र कायम राहिली. श्रीशांतची आजीवन बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये बाजूला ठेवली आणि ती शेवटी सात वर्षांवर आली. अझरुद्दीनवर 2000 मध्ये आजीवन बंदी आली आणि 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. यातलं काय लक्षात ठेवून दीड मिनिटाच्या लिंकमध्ये बरोबर बोलणार आहात? ‘तो फिक्सर’ असं एका शब्दात म्हणून टाकायला जीभ शिवशिवते. तो शब्दच वापरू नका.

मे 2013 ची आमची स्वतःची चूक सांगते. कंबरेला टॉवेल खोचून बुकींना खूण केल्याच्या आरोपाची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या निवेदकाने मस्त सुरुवात केली. ‘आज बायकोने गॅलरीत टॉवेल वाळत घातलाय, शेजारी विचारतोय कितवी ओव्हर?’ स्टुडिओत सगळे हसलो, मीही. त्याच भरात त्याने एका भलत्याच खेळाडूचं नाव घेतलं. आमच्याच भागातला पोरगा, कुठल्या कागदात नाव नाही, आरोप नाही. ‘हा पण असणार, गेल्या आठवड्यात बघितला ना कॅच?’ दोन सेकंदांचं वाक्य. मी काचेपलीकडून खूण करेपर्यंत ते गेलं होतं. साडेदहाला त्या पोराच्या मैदानावरच्या कोचचा फोन आला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘मॅडम, त्याच्या आईने रेडिओ बंद करून ठेवलाय.’ या फोनकडे शेवटी परत येते.

टॉवेलचा विनोद आणि ते वाक्य यातला फरक बघा. टॉवेलवर हसताना आपण आपल्या गॅलरीवर हसत होतो. दुसऱ्या वाक्यात एका माणसाच्या अंगावर काहीतरी फेकलं. कायद्याच्या भाषेत ती बदनामी होऊ शकते (आता भारतीय न्याय संहितेचं कलम 356), आणि ‘गंमत केली’ एवढ्याने सुटका होत नाही. शिवाय खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. खेळाच्या निकालांवर बोलायला मुभा आहे. पण ‘आमच्या कानावर आलंय की अमक्याची चौकशी चालू आहे’ हे खेळावरचं बोलणं नव्हे, ती बातमी झाली, आणि तीही तुमची स्वतःची.

मग सेटिंगची लिंक करायची कशी? संशय घेणाऱ्यावर करा, खेळाडूवर नको. संशय घेणारा माणूस हे महाराष्ट्रातलं फार प्रेमळ पात्र आहे. आम्ही पुढच्या हंगामात असं सुरू केलं होतं: ‘काल तो कॅच सुटला आणि आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, सेट आहे रे सगळं! हे काका 1996 पासून प्रत्येक मॅच सेट आहे म्हणतात, आणि प्रत्येक मॅच शेवटच्या बॉलपर्यंत बघतात. मध्ये उठून पाणीसुद्धा पीत नाहीत.’ आणि मग श्रोत्यांना प्रश्न: तुमच्या घरातला संशयी कोण? त्या सकाळी आलेले फोन मला अजून आठवतात. एका बाईंनी सांगितलं, सासरे मॅच सेट आहे म्हणून टीव्ही बंद करतात आणि मग हळूच मोबाइलवर स्कोअर बघतात. एका मुलाने सांगितलं, वडील फक्त आपली टीम हरली की सेटिंग म्हणतात; जिंकली की तो ‘खेळ’ असतो. कुणाचं नाव नाही, कुणाची आई रेडिओ बंद करत नाही, आणि संशयाची जी खरी मजा आहे ती सगळी आली.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे: भाव. 2016 च्या सुमाराला आमच्याकडे एक कॉलर रोज सामन्याच्या दिवशी ‘अंदाज’ सांगायचा. ‘पहिल्या सहा ओव्हरला 47-48 होतील बघा.’ बोलायला गोड, नेमका. आम्हाला वाटलं क्रिकेटचा अभ्यासक असेल. तिसऱ्या दिवशी आमचा ट्रान्समिशन इंजिनियर चहाचा कप घेऊन काचेपाशी उभा होता, तो म्हणाला, ‘मॅडम, हा अंदाज नाही सांगत, सेशन सांगतोय. अभ्यासक एक आकडा सांगतो. दोन आकडे जोडून बुकी सांगतो.’ सेशन म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरचा सट्टा. मला तोपर्यंत हे माहीत नव्हतं. तुम्हालाही कदाचित नसेल, म्हणून लिहिलं. खायवाडी-लगवाडी (सट्टा घेणं-लावणं), सेशन, पैशांत सांगितलेला भाव यातलं काहीही कॉलरच्या तोंडी आलं की तो कॉल लावायचा नाही. विनोद म्हणूनही नाही. ज्याला कळतं त्याच्यासाठी तो विनोद नसतो.

ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यानुसार पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरातही गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड. म्हणजे ॲपचं नाव कॉलरच्या तोंडून गेलं तरी तुमच्या सेल्सच्या माणसाला नाही, तुम्हाला घाम फुटायला हवा. त्याआधीची आमच्या धंद्यातली एक गंमत सांगायला हरकत नाही. सात वाजून दहा मिनिटांनी ‘सगळं सेट असतं हो’ म्हणून हसायचं आणि सव्वासातला ‘आजच टीम बनवा, लाखो जिंका’ हा जाहिरातीचा स्पॉट त्याच आवाजात वाचायचा. आम्ही सगळ्यांनी हे केलंय. मी त्या स्पॉटच्या स्क्रिप्टमध्ये दोन शब्द सुधारूनही दिले होते.

आणि एक कॉल. ऑन एअर खूप हसला तो माणूस, ‘मी तर आता मॅच बघणंच सोडलं, सगळे चोर’ वगैरे. कॉल संपल्यावर मी नेहमीप्रमाणे आभार मानायला लाइनवर गेले तर त्याने फोन ठेवला नव्हता. म्हणाला, ‘ताई, साडेतीन लाख गेले माझे. घरी माहीत नाही.’ मला काय बोलावं सुचलं नाही. तेव्हा हाताशी नंबर नव्हता. आता आहे: टेली-मानस, 14416, सरकारी आणि मोफत, मराठीतही बोलतात. सट्ट्यावरची लिंक केली की त्या तासात एकदा हा नंबर सांगा. गंभीर आवाज काढून नको. ट्रॅफिक सांगता त्या सुरात. ज्याला ऐकायचाय तो ऐकतो.

आता ‘आजकालच्या पोरी’.

इथे तुम्ही दोघांनी वाटून घेतलेल्या भूमिकाच मला खोट्या वाटतात. ते 54 चे म्हणून जुने, तुम्ही 26 चे म्हणून नवे. प्रत्यक्षात घरोघरी असं सरळ चित्र कुठे असतं? 3 नोव्हेंबर 2025, सोमवारची सकाळ. आदल्या रात्री नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला होता. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला, मध्यरात्रीपर्यंत चालला, आणि सकाळी सातला आम्ही सगळे लाल डोळ्यांनी स्टुडिओत. शेफाली वर्माच्या 87, दीप्ती शर्माचे पाच बळी, सांगलीची स्मृती, आणि डगआउटमध्ये प्रशिक्षक अमोल मुझुमदार, ज्यांना स्वतःला भारताची टोपी कधी मिळाली नाही. बोलायला इतकं होतं की स्क्रिप्टची गरज नव्हती.

तरी निवेदकांनी ठरवल्याप्रमाणे ‘आमच्या वेळी मुली मैदानावर नसायच्या’ असं टाकलं. पहिला कॉल सत्तरी ओलांडलेल्या आजींचा. ‘नसायच्या कशा? मी कॉलेजच्या टीमची विकेटकीपर होते. लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी बोट वाकडं का म्हणून विचारलं होतं.’ बोट बॉल लागून मोडलेलं होतं, आणि ते तसंच वाकडं राहिलंय, ते आजींनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. दुसरा कॉल 22 वर्षांच्या इंजिनियरिंगच्या मुलाचा. ‘जिंकल्या ते ठीक, पण लेडीजमध्ये बाउंड्री छोटी असते.’ आमची ‘जुनी’ आणि ‘नवी’ बाजू पाच मिनिटांत उलटीपालटी झाली. बाउंड्री छोटी असते हे खरंच आहे, त्याला खोटं पाडायचं कारण नव्हतं. आजींनाच परत फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘मग त्याला म्हणावं ये, टाकते सहा बॉल. छोटी बाउंड्री ठेव.’ त्या महिन्यातली आमची सगळ्यात जास्त ऐकली गेलेली लिंक ती. लिहिलेली एक ओळ नाही.

म्हणून माझा सल्ला: ‘पोरी कशा असतात’ हा प्रश्नच हवेत सोडू नका. त्याचं उत्तर म्हणजे फक्त मत येतं, आणि मत सांगताना माणूस आवाज चढवतो. प्रश्न घरातला विचारा. तुमच्या घरी पहिला चहा कोण करतं? घरात गाडी पहिल्यांदा कुणाच्या नावावर घेतली? शाळेत असताना मैदान कुणाला मिळायचं आणि व्हरांडा कुणाला? याचं उत्तर देताना माणूस आठवतो, आणि आठवताना आवाज खाली येतो.

माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं उदाहरण देते. तुमच्या सहकाऱ्यांसारखेच, वय पन्नाशीचं, ‘आजकालच्या मुलींना सगळं आयतं’ हे त्यांचं पालुपद. एकदा सायकलीवरची लिंक होती. ते सहज सांगून गेले की दहावीत त्यांना नवी सायकल मिळाली होती. मी काचेपलीकडून कागदावर लिहून दाखवलं, ‘बहिणीला?’ त्यांनी वाचलं, जरा थांबले, आणि माइकवर म्हणाले, ‘ताई चालत जायची. मार्क तिला जास्त होते.’ पुढे त्यांना काही बोलता येईना, गाणं टाकलं. गाणं चालू असतानाच बहिणीचा फोन आला. आमच्या लाइनवर नाही, त्यांच्या मोबाइलवर. काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी विचारलं नाही. त्यानंतर ‘आयतं’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

तुमचे सहकारी वाईट नाहीत, असं मी धरून चालते. त्यांना ‘जुना माणूस’ म्हणून शोमध्ये बसवलंय, ते ती नोकरी करताहेत. मलाही 2008 मध्ये अशीच एक नोकरी होती. मी काही महिने माइकवर होते, शोच्या नावात दोन पुरुषांची नावं, आणि माझं काम हसण्याचं. विनोद बाईवर असला तर जरा जास्त हसण्याचं, म्हणजे ‘तिलाही चाललं’ असं श्रोत्यांना वाटावं. तुमच्या टीममध्ये अशी कुणी हसणारी मुलगी असेल तर एकदा तिला विचारा की यातलं कशावर तिला खरंच हसू येतं. एअरचेक (हवेत गेलेल्या शोचं रेकॉर्डिंग) लावून विचारा, आठवणीवर नको.

लिंग आणि भाषा यांचा एक खास आपला प्रश्न आहे, तो इंग्रजी शो करणाऱ्यांना नसतो. त्यांच्याकडे 2021 मध्ये नियमांच्या पुस्तकात ‘बॅट्समन’चं ‘बॅटर’ झालं आणि त्यावर केवढी चर्चा! आपला ‘फलंदाज’ आधीपासूनच दोघांचा. ‘फलंदाज बाद झाला’, ‘फलंदाज बाद झाली’, प्रश्न मिटला. पण आपलं क्रियापद कुणालाच लपू देत नाही. एका सकाळी एका कॉलरने ‘मी रोज ऐकते तुमचा शो’ म्हटलं. आवाज जाड होता. निवेदक म्हणाला, ‘बोला सर’. पलीकडून शांतपणे, ‘सर नाही हो.’ निवेदक गडबडून हसला. ते हसू कुत्सित नव्हतं, पण रेडिओवर चेहरा दिसत नाही, नुसतं हसू ऐकू येतं. कॉल रेकॉर्ड होत होता म्हणून वाचलो. ते हसू कापलं आणि ‘बरं ताई, बोला’ पासून लावलं. तेव्हापासून आमचा नियम: कॉलर स्वतःसाठी जे क्रियापद वापरेल ते आपण वापरायचं, आवाजावरून ठरवायचं नाही.

या नियमालाही कोल्हापूरने सुरुंग लावला, ते वेगळं. तिकडच्या पोरी बिनधास्त ‘मी आलो की, जेवलो की’ म्हणतात. आमच्या नव्या मुलाने नियम पाळून एका काकूंना ‘तुम्ही कुठून बोलताय दादा?’ विचारलं. काकू अशा काही तापल्या की विचारू नका. आता आम्ही सरळ नाव विचारतो आणि नावाने बोलतो.

माइक बंद आहे असं समजून बोलणं हा आणखी एक सापळा. जानेवारी 2011 मध्ये इंग्लंडमध्ये स्काय स्पोर्ट्सच्या रिचर्ड कीज आणि अँडी ग्रे यांनी माइक बंद आहे असं समजून फुटबॉलच्या एका महिला सहायक पंचाबद्दल ‘हिला ऑफसाइड काय कळणार’ अशा अर्थाचं बोलणं केलं. आठवड्याभरात एकाला काढलं, दुसऱ्याने राजीनामा दिला. त्या सामन्यातला तिचा महत्त्वाचा निर्णय बरोबर होता. आपल्याकडे 2019 मध्ये हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल तर समोर कॅमेरा चालू असताना एका गप्पांच्या कार्यक्रमात मुलींबद्दल बोलले, दौऱ्यावरून परत आले आणि प्रत्येकी 20 लाख भरले. गप्पा म्हणूनच बोलावलं होतं, गप्पाच केल्या. फेडर (माइकचा आवाज चढवायची-उतरवायची पट्टी) खाली असला तरी स्टुडिओतलं बोलणं हवेत गेल्यासारखंच धरा, एवढंच.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: कॉल रेकॉर्ड करून लावा, नाव आणि भाव दोन्ही हवेत जाऊ देऊ नका, संशयी माणसावर हसा, आणि पोरीबाळींबद्दलचं मत मागण्याऐवजी घरातली आठवण मागा. पीडींना पटवायला एक आठवडा दोन्ही प्रकारच्या लिंक करून फोन मोजा. माझा अनुभव असा की आठवणीच्या लिंकला फोन थोडे कमी येतात पण कॉल लांब चालतात, आणि ते दुपारी परत लावता येतात. ‘सेट आहे’चा कॉल दुपारपर्यंत शिळा होतो. तुमच्या गावात वेगळंही निघेल.

राहिली तुमच्याकडे आलेली तक्रार. त्या सकाळचं रेकॉर्डिंग आधी बाजूला काढून ठेवा, कुणी पुसायच्या आत. मग दोघांनी मिळून ऐका, पूर्ण लिंक, नुसतं ते वाक्य नाही. हवेवर लगेच माफी मागू नका, कारण ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही तुम्ही ते नाव सांगाल. आधी घरच्यांना फोन करा, शो संपल्यावर, निवांत. हवेवर काही म्हणावं असं त्यांना वाटतं का, आणि नाव घेऊन की न घेता, हे त्यांना ठरवू द्या.

2013 मध्ये आम्ही त्या पोराच्या घरी गेलो होतो, मी आणि निवेदक. आईने चहा केला. रेडिओ फ्रीजवर होता, बंद. त्यांनी नाव घेऊन माफी नको म्हणून सांगितलं, आम्ही नाही मागितली. निघताना निवेदक मला जिन्यात म्हणाला, ‘तुम्ही कशाला आलात, बोललो तर मी होतो.’ मी त्याला सांगितलं की एअरचेकवर त्याच्या वाक्याच्या मागे एक हसू ऐकू येतं, ते माझं आहे. तुम्हीही जा सहकाऱ्यांसोबत. वाक्य त्यांचं असलं तरी मागे कोण हसलंय ते आधी ऐकून घ्या.